विषम कामट्यांची टोपली

(द्वितीय वर्ष, कला)

या वर्षी मानसशास्त्राच्या एका तासाला सरांनी फळ्यावर 'माइंडफुलनेस' हा शब्द लिहिला आणि विचारले, "याला मराठीत काय म्हणाल?" कोणी 'सजगता' म्हणाले, कोणी 'ध्यान' म्हणाले. मागच्या बाकावरून कोणीतरी 'झोप' म्हणाले आणि सारा वर्ग हसला. मीही हसले. पण हसता हसता मला सातवीच्या आमच्या बाई आठवल्या आणि बाईंच्या मागोमाग माझी आजी आठवली. या दोघींना एकाच शब्दात बसवता येईल का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझी पाठ सोडत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

सरांनी सांगितले, की १९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी हा अभ्यास दवाखान्यात आणला आणि तिथून तो शाळांत, कचेऱ्यांत पसरला. मूळ अर्थात बौद्ध परंपरेचे. मित्रहो, आपल्याला त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायचे कारण नाही. ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची शिबिरे सुरू केली. १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. आपल्या पुण्यातही स्वारगेटजवळ दादावाडीत आणि आळंदीजवळच्या मरकळला त्यांची केंद्रे आहेत. पुढे महाराष्ट्र शासनाने 'मित्र उपक्रम' या नावाने शाळकरी मुलांना आनापान शिकवण्याची योजना आखली. आनापान म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. लांब करायचा नाही, रोखायचा नाही, जप करायचा नाही. मन दुसरीकडे गेले की पुन्हा श्वासाशी आणायचे. इतकेच.

आमच्या बाई २०१८ साली असेच दहा दिवसांचे शिबिर करून आल्या. मी तेव्हा सातवीत होते. आमची शाळा साधी होती. एका वर्गात पंचावन्न मुले, खिडकीखाली रिक्षांचा तळ, मधल्या सुट्टीत नळावर भांडणे. बाईंचा आवाज मोठा होता आणि हातात पट्टी असे. त्या दहा दिवस दिसल्या नाहीत तेव्हा, खरे सांगायचे तर, आम्हाला आनंदच झाला होता. परत आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टी टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. दहा मिनिटे काही करायचे नाही."

काही न करणे ही किती अवघड गोष्ट आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले. एकाने घोरण्याचा आवाज काढला. दुसऱ्याने पुढच्या मुलीची वेणी ओढली. मी एक डोळा उघडून बाईंकडे पाहिले. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. त्या खरोखरच डोळे मिटून बसल्या होत्या. आमच्या शाळेत शिक्षकांनी मुलांना सांगितलेली गोष्ट स्वतः करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

या दहा मिनिटांनी आमचे मार्क वाढले का? मला तरी तसे दिसले नाही. भांडणेही फार कमी झाली नाहीत. बदलल्या त्या बाई. वर्गात गोंधळ झाला की पूर्वी त्या लगेच ओरडत. आता क्षणभर थांबत आणि मग बोलत. तो क्षण आम्हा मुलांना फार महत्त्वाचा वाटे, कारण पूर्वी त्या क्षणात पट्टी बसलेली असे. सरांनी तासाला सांगितलेली एक गोष्ट मला म्हणूनच पटली. ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांत, आठ हजारांवर मुलांवर या विषयाचा एक मोठा अभ्यास झाला आणि २०२२ साली त्याचे निष्कर्ष आले. मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा विशेष फरक आढळला नाही, पण शिक्षकांचा थकवा मात्र काहीसा कमी झालेला दिसला. वर्तमानपत्रवाले याला अपयश म्हणोत. मला ते अपयश वाटत नाही. शिक्षक शांत होणे ही काय लहान गोष्ट आहे?

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच वर्षी महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. तोवर आमच्याकडे कार्यानुभवाचा तास म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोल आणायचा, त्यावर चकचकीत कागद चिकटवायचा आणि बाहेरून तपासायला येणाऱ्यांसाठी कपाटात मांडायचा. पुष्कळ मुलांच्या वस्तू त्यांच्या आयाच करत, आणि ज्यांच्या आया कामाला जात त्यांच्या होतच नसत. बंदी आल्यावर बाईंपुढे प्रश्न पडला, की स्नेहसंमेलनाची सजावट कशाची करायची? त्यांनी वर्गाला विचारले. माझ्या शेजारच्या मैत्रिणीने माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने सांगितले, "बाई, हिची आजी टोपल्या विणते."

मला त्या वेळी जमीन दुभंगावी असे वाटले. आमचे घर बुरूड आळीतले. टोपली, सूप, परडी, रोवळी, डालगे हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होत आले. जन्मलेल्या बाळाच्या सुपापासून मेलेल्या माणसाच्या तिरडीपर्यंत गावाला लागणारा बांबू आमच्या माणसांच्या हातून गेला. पण सुपात बाळ घालणारे आणि तिरडी नेणारे लोक आम्हाला ओट्याखाली उभे करत, हे आजीने पाहिलेले आहे. म्हणून वर्गात मी वडिलांचा धंदा विचारला की 'टेम्पो चालवतात' एवढेच सांगत असे. ते खरेही होते. वडिलांनी कोयता कधीच सोडला होता.

बाई दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या. आजी दारात बसून कळक चिरत होती. बाईंनी वर बसायला दिलेली खुर्ची बाजूला केली आणि त्या खाली बसल्या. आजीने काम थांबवले नाही. चिरताना ती बोलत नाही. बाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, "आजी, दोन्ही बाजू सारख्या कशा काय निघतात?"

आजी म्हणाली, "निघत न्हाईत. चीर एका अंगाला पळती. पळाली की जाड अंग वाकवायचं. मग ती आपसूक मधी येती. जोर करायचा न्हाई, चीर बिथरती."

बाई एकदम माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अगं, हेच तर मी तुम्हाला रोज सांगते!" मला काहीच कळले नाही. आता कळते. श्वास पाहताना मन पळते, त्याला न रागावता परत आणायचे. कळक चिरताना चीर पळते, तिलाही जोर न करता परत आणायचे. बाईंनी जे दहा दिवस मौन पाळून शिकून आणले होते ते आजी सहा दशके दारात बसून करत होती. फरक इतकाच, की बाईंच्या त्या गोष्टीला 'साधना' म्हणत आणि आजीच्या गोष्टीला 'बुरडाचे काम'.

आजी पुढच्या आठवड्यात शाळेत आली. बाईंनी आधीच घरी बसून, आजीने दिलेल्या कामट्यांची एक टोपली विणण्याचा प्रयत्न केला होता. सहा कामट्या मधोमध एकमेकींवर ठेवल्या की बाहेर बारा टोके निघतात. त्यांतून एक ओली पट्टी एका टोकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून अशी फिरवत न्यायची. बाई गणिताच्या, त्यामुळे त्यांनी सगळे मोजून-मापून केले होते. पण टोपली धरतच नव्हती. सैल पडे आणि सुटे. त्यांनी ती तशीच वर्गात आणली आणि पंचावन्न मुलांदेखत आजीपुढे ठेवली. "आजी, माझे काय चुकले?"

आजीने टोके मोजली नाहीत. नुसते पाहिले आणि म्हणाली, "जोडी झाली बघा, बाई. जोडी जमली की वीण जमत न्हाई." मग तिने कोयत्याने एक टोक उभे चिरून त्याची दोन केली. बाराची तेरा झाली. पट्टी फिरवली आणि टोपली धरू लागली.

बाई क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर वर्तुळ काढले. टोके सम असली तर दुसऱ्या फेऱ्यात पट्टी पुन्हा त्याच टोकांच्या वरून आणि त्याच टोकांच्या खालून जाते, म्हणून अडकत नाही. विषम असली तर दर फेऱ्याला आपोआप उलट होते, आणि वीण घट्ट बसते. सम-विषम आम्ही तिसरीत शिकलो होतो, पण त्याचा काही उपयोग असतो हे मला त्या दिवशी समजले. बाई इतक्या खुशीत होत्या की त्या हसतच राहिल्या. शिक्षक शिकताना कसा दिसतो हे मी तेव्हा पाहिले. पुढे दोन महिने त्या मधल्या सुट्टीत विणत बसत. त्यांची पहिली टोपली एका बाजूला कललेली झाली. तीत त्या खडू ठेवत. नंतर त्यांनी वेताच्या, कागदाच्या, जुन्या साड्यांच्या पट्ट्यांच्या टोपल्या केल्या, आजीलाही सुचल्या नव्हत्या अशा. वयाच्या पंचेचाळिशीत आपल्या हातांत काही आहे याचा शोध त्यांना लागला. त्या स्वतःच तसे म्हणत.

इथे लेख संपवता आला असता, आणि तो गोड झाला असता. पण त्या रात्री आमच्या घरी काय झाले तेही सांगितले पाहिजे.

वडिलांना आजी शाळेत गेल्याचे कळले तेव्हा ते फार चिडले. "पोरीला शाळेत बुरडाचं काम शिकायला धाडली नाही," ते म्हणाले. "तेच करायचं होतं तर घरी काय कमी होतं? त्यांच्या पोरांना ती गंमत आहे. आपल्या पोरांना ती बेडी आहे." मला तेव्हा वडिलांचा राग आला. आज कॉलेजात आल्यावर, थोडेफार वाचल्यावर, मला वाटते की त्यांचा प्रश्न साऱ्या चर्चेतला सर्वांत खरा प्रश्न होता.

तो एकट्या त्यांचा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हस्तोद्योगातून सारे शिक्षण, ही कल्पना थोरच होती. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळांचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली, तेव्हा पेरियार आणि इतर पुढाऱ्यांनी तिला कुलपरंपरेचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराजांच्या काळात ती योजना गेली. शेतकऱ्याच्या मुलाने शेती, कुंभाराच्या मुलाने मडके आणि वकिलाच्या मुलाने वकिली शिकायची असेल, तर शाळा हवीच कशाला? माझे वडील पेरियारांचे नावही जाणत नाहीत, पण टेम्पोवरून दमून आलेल्या त्या माणसाने तेच सांगितले.

मग हात बाजूला ठेवावेत आणि नुसती पुस्तके धरावीत काय? माझे मत तसे नाही. याच पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा हे जसे सांगितले, तसे शेतीचे व्यवहारज्ञान शिकवा हेही सांगितले. आणि आणखी एक गोष्ट सांगितली जी मला फार मोलाची वाटते. वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाही असा शिक्षक त्यांना हवा होता. म्हणजे फुल्यांनी मुलाच्या हातात अवजार देण्याआधी ते शिक्षकाच्या हातात दिले. राजाजींच्या योजनेत आणि फुल्यांच्या मागणीत हाच मूलभूत भेद आहे असे मला वाटते. एकीत मूल बापाच्या कामाला जुंपले जाते, दुसरीत शिक्षकाला त्या कामाची लाज सोडावी लागते.

आमच्या वर्गात नेमके हेच झाले होते. बाईंनी मला पुढे बोलावून 'तू बुरडाची, तू करून दाखव' असे कधीही म्हटले नाही. म्हटले असते तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नसते. त्यांनी पंचावन्न जणांना सारख्या कामट्या दिल्या, आणि सर्वांत आधी स्वतः चुकल्या. वाड्यातल्या मुलाचे बोट कापले तसे माझेही कापले. माझी टोपली वर्गात पहिली आली नाही. याचा मला किती आनंद झाला हे कोणाला समजेल की नाही, कोण जाणे!

म्हणून मला वाटते, शाळेत शांत बसण्याचा आणि हस्तकलेचा आग्रह धरणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, शिक्षकाने आधी स्वतः बसावे आणि स्वतः करावे. डोळे मिटायला सांगून स्वतः हजेरीपट भरणाऱ्या शिक्षकाची शांतता ही गप्प बसवण्याचीच नवी युक्ती आहे. दुसरी, कोणतेही हातकाम जन्माने वाटू नये. सर्वांनी करावे, नाहीतर कोणीच करू नये. तिसरी, ज्याच्याकडून शिकायचे त्याला गुरूचा मान द्यावा आणि कामाचा मोबदला द्यावा. बाईंनी आजीला आपल्या पगारातून पैसे दिले होते. शाळेकडे त्यासाठी रकाना नव्हता.

आज हा विचार करायला वेळ योग्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशांजवळ शिकावे असे म्हटले आहे. २०२४ साली महाराष्ट्राने 'आनंददायी शनिवार' आणला. आपल्या जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढून हातांनी शिकणे किती दूर नेता येते ते दाखवले. अरविंद गुप्तांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुकात बसून काड्यापेटीच्या काड्यांपासून आणि टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करत मुलांना विज्ञान शिकवले. उदाहरणांचा तोटा नाही. धोका इतकाच, की दहा दिवसांचे फोटो काढून फाईल बंद व्हायची आणि थर्माकोलच्या जागी नुसता बांबू चिकटवायचा.

आणि आपण? आपल्या शाखेला कला शाखा म्हणतात. तीन वर्षांत आपण आपल्या हातांनी लेखणी आणि मोबाईल यांखेरीज काय धरतो? व्याख्यानमालेला दूरचे वक्ते येतात, त्यांना शाल, श्रीफळ आणि मानधन मिळते. ते योग्यच आहे. पण कॉलेजपासून बसने थोड्याच अंतरावर कसब्यातली तांबट आळी आहे, कुंभारवाडा आहे, बुरूड आळी आहे. तांब्याच्या भांड्यावर मठार उठवताना तांबटाचा एक घाव दुसऱ्यावर पडत नाही, एवढे अवधान आपल्यापैकी किती जणांना एका तासाला तरी टिकवता येते? आठवड्यातली एक दुपार अशा माणसांपुढे बसायला काय हरकत आहे? सूचना माझी, विचार प्राचार्यांनी आणि प्राध्यापकांनी करावा. पण एक विनंती आहे. येताना प्राध्यापकांनीही आमच्याबरोबर खाली बसावे.

वडील आजही म्हणतात, "तू पदवी घे, बाकी सगळं मागनं." मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांनी टेम्पोचा हप्ता थकवला पण माझी फी थकवली नाही. मी पदवी घेणारच आहे. फक्त आता कोणी विचारले, तर मी टेम्पोच्या आधी टोपलीचे नाव घेते. हा लेख मी आजीला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला आणि एकच चूक काढली, "बाईंची टोपली कलली ती मोजणीनं न्हाई. कामट्या वाळल्या होत्या. भिजवून घ्यायच्या असतात, एवढं लिही."

म्हणून लिहिले.